निवड कशाला म्हणायची? गर्भनिरोधक पॅचच्या निमित्ताने



मागच्या वेळी आपण ‘स्वातंत्र्य’ आणि ‘निवड’ या दोन शब्दांमधला फरक पाहिला होता. समोर चार दारं उघडी असणं हे स्वातंत्र्य. पण कोणत्या दाराआड काय आहे हे समजून घेऊन त्यातल्या एका दारातून आत जाणं ही निवड, असं आपण म्हटलं होतं. त्यानंतर बऱ्याच जणांनी कळवलं की, हे ऐकायला ठीक आहे, पण रोजच्या जगण्यातलं एखादं उदाहरण घ्या. तर आज एकच उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून बोलू. उदाहरण आहे त्वचेवर चिकटवायच्या गर्भनिरोधक पट्टीचं, म्हणजे पॅचचं.

काही जणांच्या भुवया वर गेलेल्या इथून दिसतात. पंचाहत्तरीच्या, तत्त्वज्ञान शिकवलेल्या बाईंनी हे काय काढलं? तर सांगतो. हा विषय आणि विचारवंत यांचं नातं जुनं आहे. जॉन स्टुअर्ट मिल, ज्याचा ‘ऑन लिबर्टी’ आपण इथंच वाचला, त्याला विशीही गाठलेली नसताना लंडनमध्ये अटक झाली होती. कारण काय, तर संततिनियमनाची पत्रकं वाटली. आणि आपल्याकडे रघुनाथ धोंडो कर्वे. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, आणि या कामापायी प्राध्यापकाची नोकरी गमावली. ते गणिताचे प्राध्यापक होते, हे लक्षात ठेवा. आज आकड्यांची गरज लागणार आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. आमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली, औषध लिहून देण्यातली नाही. इथं ऐकलेल्या गोष्टीवरून कुणी काही सुरू करू नये, बंदही करू नये. डॉक्टरांसमोर बसल्यावर कोणते प्रश्न विचारावेत, एवढंच आपण आज शिकणार आहोत.

आता प्रसंग. गेल्या वर्षी न्यू जर्सीहून आमच्या नातीचा व्हिडिओ कॉल आला. तिची परवानगी घेऊनच सांगतो आहोत. वय सत्तावीस, नुकतंच लग्न झालेलं, नोकरीच्या वेळा विचित्र. मूल एवढ्यात नको हे नवराबायकोचं ठरलेलं. ती म्हणाली, “आजी, मी गोळी घेते, पण आठवड्यातून एकदा तरी विसरतेच. डॉक्टर म्हणतात, पॅच लाव, सोपा पडेल. मैत्रीण म्हणते, पॅच पोटात जात नाही, त्यामुळे गोळीपेक्षा सौम्य. आणि आई म्हणते, अजिबात नको, त्यानं रक्ताच्या गाठी होतात. तू इतकी वर्षं तर्कशास्त्र शिकवलंस ना? मग सांग, कोण बरोबर?”

तीन माणसं, तीन विधानं. पॅच सोपा आहे. पॅच सौम्य आहे. पॅच धोक्याचा आहे. आपण एकेक विधान तपासू. आधी ही वस्तू काय आहे ते पाहू.

पॅच म्हणजे दिसायला साधी चिकटपट्टी. तिच्या चिकट थरात दोन संप्रेरकं असतात, म्हणजे हार्मोन्स. एक एस्ट्रोजेन जातीचं, त्याचं नाव इथिनिल एस्ट्रॅडिऑल. दुसरं प्रोजेस्टिन जातीचं. ही संप्रेरकं त्वचेतून हळूहळू रक्तात उतरतात. दर महिन्याला मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून बीजकोशाला निरोप जातो की, बीज सोड. रक्तात या संप्रेरकांची पातळी कायम राहिली की तो निरोप जातच नाही. बीज सुटत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो आणि शुक्राणूंची वाट अडते. संयुक्त गोळी अगदी हेच करते. म्हणजे पॅच आणि गोळी ही सख्खी भावंडं. फक्त घरात शिरायचा दरवाजा वेगळा.

वापर असा: एक पॅच सात दिवस, मग नवा. असे तीन आठवडे तीन पॅच. चौथ्या आठवड्यात काही लावायचं नाही. त्या दिवसांत पाळीसारखा रक्तस्राव होतो. मग पुन्हा पहिल्यापासून. वार एकदा ठरला की तोच.

पहिला पॅच अमेरिकेत २००१ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झाला, त्याचं नाव ऑर्थो एव्हरा. तो आता तिथं विकला जात नाही. २०१४ साली त्याचाच जेनेरिक अवतार आला, झुलेन. २०२० साली ट्वर्ला नावाचा वेगळा पॅच मंजूर झाला. त्यातलं प्रोजेस्टिन आहे लेव्होनॉर्जेस्ट्रेल, म्हणजे आपल्याकडच्या माला-डी आणि माला-एन गोळ्यांमध्ये असतं तेच.

मैत्रिणीचं विधान: पोटात जात नाही, म्हणून सौम्य

हे विधान फार मोहक आहे. आपल्या मनात बाहेरून लावायचं ते सौम्य आणि पोटात घ्यायचं ते जहाल, असा एक कप्पा आधीच तयार असतो. बाम, लेप, मलम यांनी तो तयार केलेला. पण इथं नेमकं काय होतं, पाहा.

ऑर्थो एव्हरा बाजारात आला तेव्हा त्याच्या माहितीपत्रकात होतं की, त्यातून रोज २० मायक्रोग्रॅम एस्ट्रोजेन रक्तात जातं. नेहमीच्या बऱ्याच गोळ्यांवर आकडा असायचा ३० किंवा ३५. कुणीही म्हणेल, २० म्हणजे ३५ पेक्षा कमी, म्हणजे पॅच सौम्य. गणित बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. का?

कारण ते दोन आकडे एका जातीचे नाहीत. गोळीवरचा ३५ हा आकडा गिळलेल्या औषधाचा आहे. गिळलेली गोळी आतड्यातून यकृतात जाते आणि तिथं तिचा मोठा भाग, जवळपास निम्मा, रक्तात पसरण्याआधीच खर्ची पडतो. पॅचवरचा २० हा आकडा मात्र थेट रक्तात उतरणाऱ्या औषधाचा होता. एकाचा पगार कापाकापीच्या आधीचा सांगायचा आणि दुसऱ्याचा हातात पडणारा सांगायचा, आणि वर म्हणायचं, बघा, पहिल्याला जास्त मिळतो. तशातला हा प्रकार.

२००५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने माहितीपत्रक बदलायला लावलं. पॅच वापरणाऱ्या स्त्रीच्या रक्तातून एकूण जाणारं एस्ट्रोजेन ३५ मायक्रोग्रॅमची गोळी घेणाऱ्या स्त्रीपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. गंमत अशी की, एस्ट्रोजेनची सर्वांत वरची पातळी पॅचमध्ये गोळीपेक्षा कमीच असते, सुमारे २५ टक्क्यांनी. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? नळाचं उदाहरण घ्या. एका घरी सकाळी तासभर जोरात पाणी येतं, मग नळ कोरडा होत जातो. दुसऱ्या घरी धार बारीक, पण चोवीस तास. संध्याकाळी कुणाची टाकी जास्त भरलेली असेल? गोळी पहिल्या घरासारखी, पॅच दुसऱ्या घरासारखा.

आणखी एक. यकृत टळतं, म्हणून यकृतावरचा परिणाम टळतो का? तेही नाही. रक्त फिरून फिरून यकृतातून जातंच, आणि हे कृत्रिम एस्ट्रोजेन सहजी मोडत नाही. रक्त गोठवणारे घटक यकृत तयार करतं. त्यांच्यावर व्हायचा तो परिणाम पॅचनेही होतो. तेव्हा मैत्रिणीचं विधान बाद. पॅच गोळीपेक्षा सौम्य नाही. उलटी होण्याचा किंवा पोट बिघडण्याचा त्याच्या शोषणावर परिणाम होत नाही, हा फायदा मात्र खरा.

आईचं विधान: रक्ताच्या गाठी होतात

आता आमच्या मुलीचं विधान. ते खरं आहे, पण अर्धं. न्यायदर्शनात एक चांगली सवय लावतात. ‘भिन्न आहे’ असं कुणी म्हटलं की लगेच विचारायचं, कशापासून भिन्न? त्या ‘कशापासून’ला ते प्रतियोगी म्हणतात. प्रतियोगी सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. ‘धोका जास्त’ हे तसंच अपुरं वाक्य आहे. कशापेक्षा जास्त? आणि किती?

युरोपीय औषध संस्थेने दिलेले आकडे असे. संयुक्त संप्रेरक न वापरणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० स्त्रियांमध्ये वर्षाला सुमारे २ जणींच्या शिरेत गाठ होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची संयुक्त गोळी घेणाऱ्या १०,००० जणींमध्ये ५ ते ७. नॉरेलजेस्ट्रोमिनचा पॅच, म्हणजे एव्हरासारखा, वापरणाऱ्यांमध्ये ६ ते १२. पॅच आणि गोळी यांची थेट तुलना करणाऱ्या काही अभ्यासांत धोका सारखाच निघाला, काहींत पॅचचा दुपटीच्या आसपास. म्हणून तर ६ ते १२ असं रुंद अंतर.

आता दुसरा प्रतियोगी घेऊ. गरोदरपणात गाठ होण्याचा धोका किती? अमेरिकी माहितीपत्रकांत दिलेला अंदाज १०,००० मध्ये ५ ते २०. आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत ४० ते ६५. म्हणजे नको असलेलं गरोदरपण टाळण्यासाठी घेतलेला धोका गरोदरपणाच्या आणि बाळंतपणाच्या धोक्याहून एकंदरीत कमीच आहे. सून बाळंतीण होते तेव्हा आपण पेढे वाटतो, गाठीचं नाव कुणी काढत नाही. पॅच म्हटलं की पहिला शब्द गाठ.

यावर कुणी म्हणेल, दुप्पट म्हणजे दुप्पटच ना? ही चूक किती महागात पडते याचा नमुना इंग्लंडमध्ये आहे. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या औषधसुरक्षा समितीने इशारा दिला की, नव्या पिढीच्या काही गोळ्यांनी गाठींचा धोका दुप्पट होतो. बातम्या झळकल्या. घाबरून अनेक स्त्रियांनी गोळी तिथल्या तिथे बंद केली. दुप्पट म्हणजे किती, तर साधारण ७,००० मध्ये एकीऐवजी दोघी. हे फार थोड्या जणींपर्यंत पोचलं. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जादा झाले. इशारा खोटा नव्हता. तो अपुऱ्या वाक्यात दिला गेला होता.

पण याचा उलटा अर्थ काढू नका. १०,००० मध्ये दहा म्हणजे शून्य नव्हे. ज्या दहा जणींना गाठ होते त्यांच्यासाठी ती शंभर टक्के असते. पायाची पोटरी एका बाजूने सुजणं व दुखणं, छातीत कळ, अचानक धाप, कधी नव्हे इतकी तीव्र डोकेदुखी, बोलण्यात किंवा दिसण्यात अचानक फरक, यांपैकी काही झालं तर पॅच काढून तडक दवाखाना गाठायचा आणि पॅच वापरत होते हे आपणहून सांगायचं. लांबच्या विमानप्रवासात तासन्‌तास पाय न हलवता बसण्यानेही गाठींचा धोका वाढतो. अमेरिका–भारत ये-जा करणाऱ्या मुलींनी त्याबद्दल डॉक्टरांना आधी विचारावं.

डॉक्टरांचं विधान: सोपा पडेल

इथं प्रश्न रसायनाचा नाही, स्वभावाचा आहे. नियम तंतोतंत पाळला तर १०० स्त्रियांमध्ये वर्षभरात एकीलाही दिवस जाणार नाहीत, आकडा ०.३ टक्के. गोळीचाही तेवढाच. प्रत्यक्षात माणसं जशी वापरतात तसं धरलं, तर दोन्हींचा आकडा जातो १०० मध्ये ७ वर. ०.३ आणि ७ यांच्यामधली सगळी जागा विसरण्याची आहे.

पॅच विसरणं कमी करतो का? सुरुवातीच्या काळात गोळी आणि पॅच यांची तुलना करणारी मोठी चाचणी झाली. पॅचवाल्या स्त्रियांनी सुमारे ८८ टक्के चक्रं बिनचूक पार पाडली, गोळीवाल्यांनी सुमारे ७८ टक्के. फरक आहे, पण चमत्कार नाही. आणि त्याच चाचणीत सुमारे २० पॅचमागे एक निघाल्यामुळे किंवा सुटल्यामुळे बदलावा लागला. म्हणजे ‘विसरायचंच नाही’ असं पॅच म्हणत नाही. ‘रोजऐवजी आठवड्याला लक्षात ठेव’ एवढंच म्हणतो. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी तांबी किंवा दंडात बसवायचं इम्प्लांट आहे. एकदा बसवलं की काही वर्षं आठवण ठेवायला लागत नाही.

तर तीन विधानांचा हिशोब असा झाला: मैत्रीण चुकली, आई अर्धी बरोबर, डॉक्टर बरेचसे बरोबर. आम्ही नातीला हे सगळं सांगितलं आणि ती खूश झाली. “म्हणजे घेऊ ना मग?” आणि इथं आमच्या लक्षात आलं की, चौथा प्रश्न कुणीच विचारलेला नाही. मघापासून आपण १०,००० स्त्रियांबद्दल बोलत होतो. फोनवर होती ती एकच होती.

कुणासाठी?

पॅच सगळ्यांसाठी नाही. वय ३५ च्या वर आणि धूम्रपान करणाऱ्या स्त्रीने तो वापरायचा नाही. आधी कधी रक्ताची गाठ झालेली, रक्तदाब वाढलेला, यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग झालेला, मधुमेहाने रक्तवाहिन्यांवर परिणाम झालेला, अशा कुणासाठीच नाही. बाळंतपणानंतर पहिले तीन आठवडे नाही, अंगावर पाजत असेल तर त्याहून उशिरा. जवळच्या नात्यात कुणाला तरुणपणी गाठ झाली असेल, तर तेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या पॅचच्या माहितीपत्रकांनुसार बॉडी मास इंडेक्स ३० किंवा जास्त असेल तर तो लावू नये; १६० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीसाठी ही रेषा साधारण ७७ किलोला येते. ९० किलोच्या आसपास वजन गेलं की गर्भ टाळण्याची ताकदही कमी होते. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिनसारखी औषधं पॅचचा परिणाम कमी करतात. आपल्याकडे क्षयरोग किती आहे ते वेगळं सांगायला नको. रक्तदाब मोजल्याशिवाय तर सुरुवातच करू नये.

नात म्हणाली, “आजी, हे सगळं फॉर्मवर होतं. मी सगळीकडे ‘नाही’ लिहिलंय. गोळीच्या वेळीही लिहिलं होतं.”

आम्ही विचारलं, “डोकेदुखी?”

“ती काय, सगळ्यांचीच दुखतात डोकी. कामाचा ताण.”

“दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही येतं का गं?”

ती जरा थांबली. मग म्हणाली, “चमकत्या नागमोडी रेघा येतात. पंधरा-वीस मिनिटं. मग जातात आणि एका बाजूचं डोकं ठणकायला लागतं. मला वाटलं स्क्रीनमुळे. तुला कसं कळलं?”

आम्हाला कसं कळलं? कारण तरुणपणी आम्हालाही त्याच रेघा दिसायच्या. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता अर्धा शब्द नाहीसा व्हायचा. आमच्या आईलाही व्हायचं ते. घरात त्याला अर्धशिशी म्हणत, आणि काळोख्या खोलीत पडून राहत. आमच्या मुलीला ती नाही, त्यामुळे मधल्या पिढीत हा शब्द घरातून गेला. नातीच्या फॉर्मवर होतं ‘मायग्रेन विथ ऑरा’. तिनं आपल्या त्रासाला कधी मायग्रेन म्हटलं नव्हतं, ऑरा हा शब्द तर तिनं तेजोवलय या अर्थी ऐकलेला. म्हणून प्रामाणिकपणे ‘नाही’वर खूण केली. ती खोटं बोलली नाही, फॉर्मनेही काही लपवलं नाही. दोघांची भाषा एक नव्हती, एवढंच.

आणि ही बारीक गोष्ट नाही. अशा, आधी रेघा दिसणाऱ्या अर्धशिशीत मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात होण्याचा धोका मुळात थोडा जास्त असतो. एस्ट्रोजेनने तो आणखी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पात्रता निकषांमध्ये एस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधकांसाठी ही स्थिती चौथ्या वर्गात आहे. चौथा वर्ग म्हणजे: वापरू नये. पॅचही नाही आणि ती घेत होती ती संयुक्त गोळीही नाही.

आम्ही तिला एवढंच म्हटलं, आज डॉक्टरांना फोन कर आणि रेघांचं सांग. अर्धशिशी आहे की नाही हे आम्ही ठरवायचं नाही. तिनं केला. डॉक्टरांनी गोळी थांबवली, तपासलं, आणि एस्ट्रोजेन नसलेले पर्याय समोर ठेवले: तांबी, केवळ प्रोजेस्टिनचं इम्प्लांट, केवळ प्रोजेस्टिनची गोळी, आणखीही काही. चांगले पर्याय आहेत, आणि त्यातले काही पॅचपेक्षा जास्त खात्रीचे.

लावायचा असेल तर

ज्यांच्या बाबतीत आडकाठी नाही आणि ज्यांनी डॉक्टरांशी बोलून पॅच निवडला आहे, त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या चोवीस तासांत पहिला पॅच लावला तर वेगळी काळजी घ्यावी लागत नाही. इतर दिवशी लावला तर पहिले सात दिवस कंडोम वापरायचा. जागा: ओटीपोट, नितंब, दंडाची बाहेरची बाजू किंवा पाठीचा वरचा भाग. स्तनांवर कधीच नाही. ट्वर्ला दंडावर लावत नाहीत, म्हणजे आपापल्या पॅचचं पत्रक वाचायचं. त्वचा स्वच्छ, कोरडी हवी. तेल, पावडर, क्रीम लावलेली नको. दिवाळीत अभ्यंगस्नान करणाऱ्यांनी तेवढा भाग वगळायचा. आंघोळ, पोहणं चालतं. रोज बोटाने कडा चाचपून पाहायच्या.

सुटला तर? चोवीस तासांच्या आत लक्षात आलं तर लगेच पुन्हा लावायचा, चिकटत नसेल तर नवा. चोवीस तास उलटले किंवा कधी सुटला ते माहीतच नाही, तर नवं चक्र सुरू, नवा वार, आणि सात दिवस कंडोम. वरून टेप मारून जुनाच पॅच टिकवायचा नाही. काढलेल्या पॅचमध्ये बरंच औषध शिल्लक असतं. तो चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा कचऱ्यात टाकायचा. संडासात टाकायचा नाही, ते शेवटी पाण्यात जातं. पहिल्या एकदोन महिन्यांत स्तन दुखणं, मळमळ, पट्टीखाली खाज असे त्रास होऊ शकतात. आणि गुप्तरोगांपासून पॅच संरक्षण देत नाही. ते काम कंडोमचंच.

भारतातल्या श्रोत्यांसाठी एक वाक्य. आपल्या सरकारी कार्यक्रमात पॅच नाही. पण रोज लक्षात राहत नाही ही अडचण असेल, तर तिथं तांबी आहे, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आहे, आणि छाया ही गोळी आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा, आणि तिच्यात संप्रेरक नाही. ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. पर्याय कोणताही असो, आजचे प्रश्न तेच लागू पडतात.

ठरवणार कोण?

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा. आमची पिढी लाल त्रिकोणाच्या भिंतींखाली वाढली. आम्ही मैत्रिणी बाळंतीण झालो त्या काळात कुणाला तांबी बसवली, कुणाचं ऑपरेशन झालं. सही नवऱ्याची, निर्णय सासूचा, सल्ला डॉक्टरांचा. आमच्यातल्या एकीला आपल्याला तांबी बसवली आहे हे दोन वर्षांनी कळलं. आणि देशाच्या पातळीवर पाहाल, तर आणीबाणीच्या काळात १९७६–७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या कितींना खरोखर विचारलं गेलं, हा प्रश्न अजून जागा आहे. तेव्हा साधनं होती. निवड नव्हती.

आज नातीच्या हातात साधनं आहेत, माहिती आहे, फॉर्म आहे, सहीही तिचीच. तरी निवड हुकता हुकता राहिली, कारण एका खुणेपुढे थांबून कुणी विचारलं नाही की, बाई गं, तुला नेमकं काय होतं? कांट म्हणतो, माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नका. आम्ही त्यात भर घालू: माणसाला केवळ सरासरी म्हणूनही वागवू नका. आकडे हवेतच, कर्व्यांसारख्या गणितज्ञाला ते पटलं असतं. पण आकड्यांनंतर त्या एकीकडे वळायला हवं.

म्हणून घरी जाताना चार प्रश्न घेऊन जा. कशाच्या तुलनेत? नेमकं किती? कुणासाठी? आणि ठरवणार कोण? पॅचसाठी विचारा, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी विचारा, विम्यासाठी विचारा. आणि ज्या आज्या, माम्या, काकवा ऐकत असतील त्यांना एक विनंती. आपल्या घराण्यातल्या दुखण्यांची जुनी नावं मुलींना सांगून ठेवा: अर्धशिशी, पाय सुजून गेलेली आत्या, ऐन चाळिशीत लुळा पडलेला काका. ते सांगताना लाज वाटायचं कारण नाही.

नातीनं शेवटी काय निवडलं, हे तुमच्यापैकी काही जण आता विचारणार. तिनं सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. निर्णय तिचा होता, ती समाधानी आहे, एवढं आम्हाला पुरे आहे.